माझ्या अंगावरचा काळा लेप

मित्रांनो, मी एक जुना शाफ्ट आहे. पंपातला फिरणारा दांडा. आधीच सांगतो, मी दमलो आहे. गोल गोल फिरणे हेच ज्याचे काम, त्याला कोणी बस म्हणत नाही. म्हणून आज पाणी उतरले आहे, पंप बंद आहे, तोवर चार शब्द बोलून घेतो.

माझे अंग स्टेनलेस स्टीलचे. त्यामुळे जो येतो तो माझी पाठ थोपटतो आणि म्हणतो, "याला काय होतंय? हे कधी गंजत नाही!" गंजत नाही हे खरे, पण घासले की झिजते. पंपातून मी जिथे बाहेर येतो, तिथे पाणी अडवण्यासाठी माझ्याभोवती दोरीसारखे वळलेले पॅकिंग भरलेले असते. त्याच्या मिठीत मी अखंड फिरतो. नुसत्या स्टीलला ती मिठी काही दिवसांतच चरे पाडते. नाव मोठे, लक्षण खोटे! स्वतःबद्दलच म्हणतो आहे, त्यामुळे कोणी रागवायचे कारण नाही.

म्हणून त्या जागी मला लेप दिला. लेप म्हटल्यावर तुम्हाला चंदन आठवेल. तसले लाड माझ्या नशिबी नव्हते. गुळगुळीत अंगाला काही चिकटत नाही, म्हणून आधी जोराच्या हवेने माझ्यावर टोकदार वाळू मारली. सगळे अंग सोलून निघाले. मग ज्वाळेत वितळलेली काळी भुकटी त्या ओरखड्यांवर फवारली आणि घासून घासून तिचा आरसा केला. नखाहून पातळ असा तो काळा थर. चकाकायचो मी आणि झीज सोसायचा तो. त्याचे कौतुक मात्र कोणी कधी केले नाही.

कारखान्यातून मी हॉलंडच्या उत्तरेला, फ्रीसलंडमध्ये आलो. इथली शेते समुद्राहून खाली आहेत. पावसाचे पाणी आपणहून वाहून जात नाही. त्याला उचलून वरच्या कालव्यात टाकावे लागते. ते आमचे काम. पंपघर सांभाळायचा हर्मेन. मोठा शांत माणूस. पंप चालू असला की तो माझ्याशेजारी येऊन उभा राहायचा आणि थेंब बघायचा. मित्रांनो, पॅकिंगमधून थोडे पाणी गळलेच पाहिजे. ते गळते म्हणून पॅकिंग ओले राहते आणि मी गार राहतो. पॅकिंग दाबून धरणारे नट किती आवळायचे, यातच सगळी कला.

पण हर्मेनच्या बायकोला, फ्रौकेला, तो थेंब डोळ्यासमोर नको असे. इथल्या बायकांचे फरशीवर फार प्रेम. फ्रौके दर शनिवारी पंपघराची लाल फरशी गुडघे टेकून घासायची, आणि रविवारी तिच्यावर पुन्हा ओला डाग दिसायचा. त्यात तिची बहीण बौक्ये. ती आणि तिचा नवरा डौवे कालव्याच्या खालच्या अंगाला राहायचे, सगळ्यात सखल घरात. येता-जाता टोमणा मारल्याशिवाय तिला कॉफी जात नसे.

"काय गं फ्रौके, तुझ्या नवऱ्याच्या पंपाला सर्दी झालीय का? बारा महिने नाक गळतंय!"

फ्रौके नाकावर माशी बसू न देणारी. वरवर हसायची, आणि बहिणीची पाठ वळली की फडके आपटायची.

एका नोव्हेंबरात गावातल्या बायकांचे मंडळ पंपघर बघायला यायचे ठरले. फ्रौकेने गुलाबी साखरेचा ओरान्येकूक नावाचा केक केला, कपबश्या मांडल्या, फरशी अशी घासली की तिच्यात तोंड दिसावे. मग ती हर्मेनपुढे येऊन उभी राहिली.

"आज ते गळणं बंद कर."

"अगं, ते गळलंच पाहिजे."

"सगळ्यांसमोर बौक्ये परत सर्दीचा विषय काढणार. दोन तास नाही गळलं तर आभाळ कोसळेल का?"

"आणि कोसळलं तर?"

"तर मी पुसून काढीन!"

हर्मेनला सगळे कळत होते. पण बायकोचा उतरलेला चेहरा बघून त्याने पाना उचलला आणि नट आवळले. पाहुण्या गेल्या की लगेच सैल करू, असे त्याने मनाशी ठरवले होते. मला मात्र तेव्हाच गुदमरल्यासारखे झाले.

बायका आल्या, आणि त्यांच्यामागोमाग पाऊस आला. असा पाऊस, की समोरचा बांध दिसेना. पाणी चढू लागले तसा हर्मेनने पंप सुरू केला. बौक्ये माझ्याजवळ वाकली. खाली कोरडी फरशी.

"अरे वा! सर्दी बरी झाली वाटतं!"

सगळ्या हसल्या. फ्रौकेचा चेहरा असा फुलला, की हर्मेनही हातात केक घेऊन हसत राहिला. मंडळी निघतील, मग सैल करू. पण त्या पावसात निघणार कोण? कॉफीचे दुसरे भांडे आले. मी तापत होतो, मित्रांनो. कोरडे पॅकिंग माझ्याभोवती जळत होते, आणि मला तोंड नव्हते.

"फ्रौके, काही करपतंय का गं?" एकीने विचारले.

तेवढ्यात माझ्या अंगातून धूर निघाला. फ्रौकेची गार पाण्याची बादली कोपऱ्यातच होती. "पाणी नको!" म्हणून हर्मेन ओरडला, तोवर तिने ती माझ्यावर ओतलीसुद्धा. जीव वाचवायलाच ओतली बिचारीने. पण तापलेल्या काचेच्या पेल्याचे जे होते, तेच माझ्या काळ्या लेपाचे झाले. तडकन आवाज झाला आणि त्याचे कपचे उडाले.

हर्मेनने पंप थांबवला. बाहेर पाऊस थांबला नाही.

त्याने दुरुस्तीच्या माणसांना फोन लावला. सगळीकडेच पाणी, उद्याशिवाय येणे जमणार नाही, असे उत्तर आले. बौक्ये खिडकीशी गेली. खालच्या शेतांतले चर काठोकाठ भरत आले होते.

"हर्मेन," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "आमचा डौवे पाय मोडून अंथरुणात आहे. घरात तो एकटाच आहे रे."

"चालवला तर शाफ्ट जाईल," हर्मेन म्हणाला. "आणि इथं नुसती गळती नाही, धारा लागतील."

"मग बघतोस काय?" फ्रौके ओरडली. "चालव!"

"तुझी फरशी..."

"खड्ड्यात गेली फरशी! माझ्या बहिणीचं घर आहे ते!"

हर्मेनने नट सैल केले आणि बटण दाबले. पाण्याच्या धारा उडाल्या. लेपाच्या तुटक्या कडा पॅकिंग फाडत होत्या, आणि फाटके पॅकिंग माझ्या उघड्या स्टीलला कापत होते. मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी हो म्हटले असते, एवढे तुम्ही माना. बायकांनी ठेवणीतले बूट काढून फेकले आणि झाडू घेतले. दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहून पाणी पंपाच्या मोटारीपासून दूर लोटत होत्या. गुलाबी साखर त्याच पाण्यातून दाराकडे वाहत गेली.

संध्याकाळी वारा फिरला आणि पाऊस ओसरला. पाणी बौक्येच्या उंबऱ्याला लागून परत गेले. डौवे कोरडाच राहिला. मी मात्र बोटभर खोल कापला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाणी खात्याचे साहेब आले. "हे झालं कसं?"

"मी आवळलं," हर्मेन म्हणाला.

"मी आवळायला लावलं," फ्रौके म्हणाली.

"आणि मी चिडवत होते," बौक्ये पुटपुटली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे एका नटाला अख्खं गाव लागलं होतं! जाऊ दे. हा आता भंगारात टाका, नवा बसवू."

मित्रांनो, भंगार हा शब्द ऐकून मला रडू आले नाही. मला झोप आली. सुटलो, असेच वाटले. पण बौक्ये आडवी आली. "भंगारात? घर वाचवलंय त्यानं माझं! भरून घ्या तो खड्डा, नवा लेप द्या, काय वाट्टेल ते करा!" तिच्या पुढे साहेबांचे काय चालणार? पुन्हा वाळू, पुन्हा ज्वाळा, पुन्हा घासणे, आणि मी परत इथे. लोकांचे प्रेमही कधी कधी फार दमवते.

आता हर्मेन म्हातारा झाला आहे. मागच्या महिन्यात एक पाहुणी आली आणि फरशीवरचा ओला डाग बघून फडके शोधू लागली. फ्रौकेने तिचा हात धरला. "ते गळू दे, बाई. ते गळतंय म्हणून माझी बहीण कोरडी आहे."

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्याही घरात कोणीतरी न थकणारे माणूस असेल. त्याची थोडी कुरकुर चालूच असते. ती चालू द्या. पण एखाद्या दिवशी ते अगदी गप्प झाले, तर बरे झाले म्हणून कॉफी पीत बसू नका. जवळ जा, हात लावून बघा. ते तापलेले असेल.