दोन टाळ्यांखालचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. काचेच्या कपाटात बसलोय आणि कपाटाला कुलूप आहे. पाहुणे येतात, काचेला नाक लावतात आणि म्हणतात, "अरे बापरे, हाच का तो 'सोड ना रे'वाला?" हो बाबांनो, हाच तो.

माझा जन्म कारखान्यातला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका मुलीने माझ्या पोटात केसाएवढी बारीक तार बसवली, "हॅलो, हॅलो" केलं आणि मला डब्यात घातलं. पुढे एका बँडच्या मालकाने मला आणलं. सख्खी बहीण त्याला एकच, पण वादकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला दादाच म्हणत. बँडमध्ये गायची ती हीच धाकटी बहीण. घरात तिला चिमी म्हणत.

काय आवाज होता हो तिचा! ती गायला लागली की माझी जाळी शहारायची. पण चिमीचा जीव स्टेजवर नव्हताच, तो होता वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. वडिलांचे हात थरथरायला लागले होते, चिमट्यातून स्क्रू निसटायचे. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून तिला ते काम शिकायचं होतं, ते हात चालताहेत तोवरच. दर दौऱ्याआधी ती म्हणे, "दादा, मला सोड ना आता. दुसरी गायिका बघ." आणि दादा म्हणे, "एवढा दौरा होऊ दे, मग बघू." त्याचं ते 'मग' काही उजाडत नव्हतं.

शेवटी तिने गाणंच लिहिलं. बोलून ऐकत नाही, तर सुरात तरी ऐकेल, असं वाटलं वेडीला. 'दादा, सोड ना रे' हीच त्याची ओळ. रेकॉर्डिंगच्या खोलीत तिने ती माझ्यापाशी म्हटली, ती थेट दादाकडे बघत. काचेपलीकडे दादा एकटक ऐकत होता. मला वाटलं, विरघळला गडी.

"एक नंबर!" तो आत येत म्हणाला. "फक्त ते 'दादा' काढून टाक. घरातलं रडगाणं लोकांनी कशाला ऐकायचं? तिथे ड्रमचे दोन ठोके टाकू. धाड धाड, सोड ना रे!"

"अरे, पण मग अर्थच जाईल त्याचा."

"जात नाही गं, वाढतो! कुणी म्हणेल काळजी सोड, कुणी म्हणेल हात सोड. ज्याला जे हवं ते."

आणि झालंही तसंच. लोकांनी ते गाणं असं काही डोक्यावर घेतलं, की विचारू नका! लग्नात तेच, सहलीत तेच. ठोक्यांच्या जागी अख्खं सभागृह दोन टाळ्या मारायचं. बेफिकीर तरुणाईचं गाणं म्हणून पेपरांत कौतुक आलं. चिमीचा तो प्रियकर कोण, यावर पैजा लागल्या. आणि बिचारी चिमी पुरती अडकली. एवढं गाजलेलं गाणं म्हणणारीला आता कोण सोडतंय?

आतली गोष्ट सांगू का, मित्रांनो? त्या दोन टाळ्यांच्या जागी ती प्रत्येक कार्यक्रमात 'दादा' म्हणायची. मला ओठ टेकवून, अगदी स्पष्ट. आणि नेमकं त्याच वेळी आवाजाच्या पॅनेलवर बसलेला दादा माझं बटण खाली ओढायचा. टाळ्या संपल्या की पुन्हा वर. तो शब्द माझ्या पोटात शिरायचा आणि तिथेच राहायचा. बोललेलं पोचवायचं, एवढंच तर माझं काम. आणि मी तेच गिळत बसलो. अस्सा संताप यायचा! पण वायरीला बांधलेल्याने करायचं काय?

वडील गेले तेव्हा ती दौऱ्यावर होती. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

पुष्कळ वर्षांनी तिचा मोठा सत्कार झाला. तिचे केस पांढरे झाले होते. मलाही मुद्दाम नेलं होतं. त्या दिवशी पॅनेलवर दुसरंच कुणी होतं, दादा तिच्या शेजारच्या खुर्चीत होता. निवेदकाने विचारलं, "ताई, आज सांगूनच टाका. हे 'सोड ना' नेमकं कुणाला?"

चिमीने मला तोंडाजवळ घेतलं. माझं बटण वर होतं, मित्रांनो, खरंच वर होतं! बोल गं बाई, बोल, मी मनात म्हणत होतो.

तेवढ्यात दादा हसत म्हणाला, "अहो, काळजी सोड, दुसरं काय!" सगळे खळखळून हसले.

चिमी त्याच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "हो. दादा म्हणतो तसंच."

इतक्या वर्षांत लोकांसमोर पहिल्यांदाच तो शब्द माझ्यातून बाहेर पडला, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला, आणि कुणाला काही कळलं नाही.

माझी धूळ रोज पुसली जाते, माझी काळजी करू नका. पण मित्रांनो, ते गाणं कुठे लागलंच, तर तेवढ्या दोन टाळ्या मारू नका. हात खाली ठेवा. तिथे कुणीतरी काहीतरी म्हणतंय.