साफ म्हण

मॅटवर पाय ठेवण्याआधी जोडीदारणीचं अंग तपासायचं, हा त्या कुस्तीच्या हॉलचा पहिला नियम. मान, कानामागे, जबडा, कोपराची आतली बाजू, गुडघ्याची मागची बाजू, शेवटी नखं. काही नसेल तर मोठ्यानं म्हणायचं, "साफ!" नायटा, पुरळ, फोड, काहीही दिसलं तर बरं होईपर्यंत बाकावर बसायचं. प्रशिक्षकांना या तपासणीचं इतकं वेड, की मुली त्यांना पाठीमागे भिंगसर म्हणायच्या. "कुस्ती हरलात तर पुन्हा खेळाल. पण कातडीचा रोग दुसरीला दिलात, तर ते पाप माझ्या हॉलमध्ये चालणार नाही," असं ते बजावायचे. मुली मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, झालं यांचं पुराण सुरू!

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी, म्हणून जोडीही त्यांचीच. एका पलंगावर झोपणाऱ्या, एका टॉवेलवरून भांडणाऱ्या. त्यांनी एकमेकींना काय तपासायचं? नियम म्हणून मान इकडेतिकडे वळवायची आणि "साफ!" म्हणून मोकळं व्हायचं.

राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीच्या सकाळी थोरलीच्या जबड्याखाली आग व्हायला लागली. आरशात बघते तर मोहरीएवढे, पाण्यानं भरलेले फोड, एकाला एक चिकटून. या निवडीसाठी तिनं लहानपणापासून घाम गाळला होता. आता बाकावर बसायचं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणार. तिनं फोडांवर आईचं क्रीम थापलं.

हॉलच्या दारात धाकटीनं तिची हनुवटी वर केली आणि तिचा हात थांबला.

"ताई, हे काय गं?"

"उष्णतेचे फोड आहेत. साफ म्हण."

"अगं, पण सर..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हण ना, माझे आई!"

धाकटी तशी तोंडाची फटकळ, पण ताईपुढे तिचं काही चालत नसे. "साफ!" ती म्हणाली, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. मग चाचणीआधी दोघींनी गालाला गाल घासत सराव केला.

थोरलीची निवड झाली. आईनं शेजारणींना थांबवून थांबवून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात धाकटीचा डावा डोळा लाल झाला. थोरलीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "घरात, खेळात कुणाला फोड वगैरे आले होते का?" धाकटीनं ताईकडे पाहिलं. फोड सुकले होते, पण सरांच्या कानावर गेलं तर निवड रद्द. "नाही," थोरली म्हणाली. धाकटीनं मान खाली घातली.

लाली उतरायचे थेंब मिळाले. नेमक्या त्याच थेंबांनी आतला रोग बळावला. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत बुबुळावर पांढरा डाग पडला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा फोडांचा रोग कातडीला कातडी लागून पसरतो आणि एकदा झाला की अंगातून जात नाही. फोडांचं आधी कळलं असतं तर औषधच वेगळं दिलं असतं."

"कुणाची दृष्ट लागली गं माझ्या पोरीला?" आई भिंतीला टेकून रडली. थोरली पाणी आणते म्हणून बाहेर गेली आणि जिन्यात उभी राहिली. तिला स्वतःची किळस आली होती. तरीही खरं सांगायला जीभ रेटली नाही.

धाकटीची कुस्ती सुटली. एका डोळ्यानं समोरचीचा हात किती लांब आहे, हेच नीट कळेना. घरात तिचा जीव रमेना, म्हणून भिंगसरांनी तिला दारातल्या तपासणीचं काम दिलं. आता जोड्यांच्या भरवशावर काही नव्हतं. प्रत्येकीची हनुवटी धरून, चेहरा जवळ नेऊन धाकटी उजव्या डोळ्यानं निरखायची.

स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी थोरलीला तीच आग जाणवली, त्याच जागी. यावेळी तिनं क्रीम लावलं नाही. हिला दिसलं तर हीच सांगेल, म्हणजे मी सुटले, असं मनाशी म्हणत ती रांगेत उभी राहिली.

धाकटीनं तिची हनुवटी वर केली. फोडांच्या कडेशी येऊन तिचं बोट थांबलं.

"साफ," ती म्हणाली.

थोरली जागची हलली नाही. "नीट बघितलंस का?"

"बघितलं की, ताई." धाकटीचा आवाज अगदी साधा होता. "तुला हवं तेच म्हणाले. मागच्या वेळीही तेच म्हणाले होते."

मागे रांग खोळंबली. मॅटवरून थोरलीची नवी जोडीदारीण हात हलवून बोलावत होती, "ये ना गं लवकर!"

"मी साफ नाही," थोरली म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून ती ओरडली, "सर, मी साफ नाही! तेव्हाही नव्हते!"

भिंगसरांनी तिच्याकडे पाहिलं, मग धाकटीच्या डोळ्याकडे. त्यांनी फक्त बाकाकडे बोट केलं.

थोरली बाकावर जाऊन बसली. आता धाकटी येईल, निदान दोन शिव्या तरी देईल, अशी वाट बघत राहिली. धाकटीनं साबण लावून हात धुतले, कोरडे केले आणि पुढच्या मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्या चांगल्या डोळ्याजवळ घेतला.