गजावरच्या खुणा

मला एक सवत आहे. ठासणीची, गारगोटीवर उडणारी, लांब नळीची. घड्याळं दुरुस्त करून घरी आल्यावर हे तिलाच मांडीवर घेऊन बसायचे. तिच्याइतकं तेलपाणी माझं कधी झालं नाही. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. आता मात्र दर रविवारी तिला खांद्याशी लावून मीच उभी असते, कारण ह्यांचे हात थरथरतात.

नेमबाजीच्या मैदानावरचा रखवालदार भला माणूस. तो सुरुवातीलाच म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही उडवा, दादा सांगतील. पण त्यांच्या सांगण्यात गडबड दिसली, तर बंदूक कायमची कपाटात. मला सगळ्यांचे जीव बघावे लागतात." ह्यांना विसर पडू लागलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी चष्मा, किल्ल्या, शेजाऱ्यांची नावं मीच पुरवत होते. बंदुकीपाशी मात्र ह्यांचं एक अक्षरही चुकत नसे, आणि तेवढ्या एका गोष्टीवर मी जीव टांगून ठेवला होता.

शिकवताना ह्यांच्या तोंडाचा पट्टा चालू. "गारगोटीची धार पोलादाला सरळ भिडली पाहिजे. वाकडी बसलीय, तिच्याभोवतीचं चामडं सोड, परत आवळ. आणि डोळे मिटू नकोस. नाकाशी भडका उडणारच, त्याला काय घाबरायचं?" मी दर वेळी डोळे मिटायची, आणि गोळी लोखंडी पाटी सोडून मातीच्या ढिगात जायची.

त्या रविवारी ह्यांनी खुर्चीतून क्रम सांगितला. "चिंधी. गोळी. गजानं ठास. वाटीत रंजक. घोडा ओढ." मी सांगितल्या कामाची, तसंच केलं. चाप दाबला. वाटीतली रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी चिमूटभर बारीक दारू, फुस्स करून भडकली आणि बंदूक गप्प. शिकवल्याप्रमाणे मी नळी पाटीकडेच रोखून थांबले. काहीच झालं नाही.

"गारगोटी बोथट झालीय," हे म्हणाले आणि तिला धार काढायला पुढे सरकले.

रंजक भडकली म्हणजे गारगोटीनं आपलं काम केलं, हे मला ह्यांनीच पढवलेलं. मी नळीत गज सोडला. गजावर ह्यांनी दोन खुणा कोरल्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. भरलेल्या नळीची खूणही आत गेली आणि गज आणखी खाली उतरला. आत नुसती गोळी होती. दारू ह्यांनी सांगितलीच नव्हती, आणि मान डोलावणाऱ्या मला ती आठवली नव्हती.

"काय झालं?" रखवालदार येऊन उभा राहिला.

"माझंच चुकलं. दारू घालायला विसरले."

"कितीदा सांगायचं हिला," हे खुशीत म्हणाले. "डोकं ठिकाणावर नसतं हिचं." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बोलणी खाऊन इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

रखवालदारानं बाजूच्या छिद्रातून चिमूटभर दारू आत सारली आणि अडकलेली गोळी उडवून काढली. "आता नीट भरा," म्हणाला, आणि तिथेच थांबला.

मी नळी पुसली, मापात दारू घेतली आणि ओतणार तोच ह्यांनी माझा हात धरला.

"हे काळं काय घालतेस?"

"दारू, अहो."

"कशाला?"

खरंच विचारत होते. मागे उभ्या रखवालदाराकडे वळून बघायची हिंमत होईना. मी दारू ओतली, गोळी ठासली, रंजक घातली, चाप दाबला. डोळे मिटले असते तर पाणी ओघळलं असतं, म्हणून उघडे ठेवले. पाटी ठणकन वाजली. पहिल्यांदाच.

"बघ," हे टाळ्या वाजवत म्हणाले, "माझं ऐकलंस की लागते. पुढच्या रविवारी पाटी अजून लांब लावू."

मी वळले. रखवालदार खाली बघत होता, आणि बंदुकीची खोळ त्यानं माझ्यापुढे उघडी धरली होती.