थाप न मारण्याचा नियम

ज्या वर्षी नदीवरचा जुना पूल पाडायला घेतला, त्या वर्षीच्या हिवाळ्यात, प्रार्थनामंदिरामागच्या स्वयंपाकघरात मंडळीच्या सेवासमितीची सभा भरली आणि सुताराने आपला नियम एकमताने मंजूर करून घेतला. एकमताने म्हणजे, त्याच्याशी वाद घालण्याचे त्राण दुसऱ्या कुणात उरले नव्हते म्हणून. मंडळीत त्याला ‘वकील’ म्हणत, ते उगीच नव्हे.

नियम असा होता : आजारी आणि एकाकी माणसांना दुपारचे जेवण पोचवणाऱ्याने डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवावा, आदल्या दिवशीचा रिकामा डबा उचलावा आणि मुकाट्याने परतावे. थाप मारू नये, हाक मारू नये, नाव सांगू नये. नियमामागे कारणही होते. एक निवृत्त शिक्षिका डबा आला की घरात नसल्याचे सोंग करी. आपल्याच विद्यार्थिनीच्या हातून अन्न घ्यायची तिला लाज वाटे. लोक थाप मारीनासे झाले आणि ती जेवू लागली. दान गुप्तपणे करावे ही प्रभूची शिकवण, आणि ती शिक्षिका हा तिचा जिवंत पुरावा. युक्तिवाद बिनतोड होता.

शेगडीपाशी उभ्या असलेल्या आचारीणबाईंनी मात्र हातातला डाव भिंतीकडे रोखला. तिथे सुतारानेच चौकट करून दिलेले चित्र होते : बंद दारावर थाप मारीत उभा असलेला ख्रिस्त.

“वकीलसाहेब, मग यांचं काय करायचं? हे तर समितीच्या डोळ्यांदेखत नियम मोडतायत!”

सगळे हसले. सुतारही हसला. “ते प्रभू आहेत, बाई. आपण नुसते हमाल.”

घरे वाटून देताना एक घर त्याने न बोलता स्वतःकडे ठेवून घेतले. ते त्याच्या दादाचे होते. दादा घड्याळे दुरुस्त करीत असे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून खुर्चीला खिळला होता. दोघा भावांत बोलणे उरले नव्हते. वहिनी वारल्यावर दादाने उपासनेला येणे सोडले, तेव्हा सुतार त्याची समजूत घालायला गेला होता. आणि समजूत घालता घालता, त्याच्या स्वभावाप्रमाणे, वाद घालू लागला होता. देव न्यायी आहे, हे त्याने सांध्यात सांधा बसवावा तसे मुद्द्याला मुद्दा जोडून सिद्ध केले. दादाने सगळे ऐकून घेतले. शेवटी एवढेच म्हणाला, “जिंकलास. आता जा.”

तो गेला. त्यानंतर त्या दोघांपैकी कुणीच दुसऱ्याचा उंबरा ओलांडला नाही.

“दारापर्यंत जातच आहात, तर एकदा थाप मारा की,” डबा पिशवीत ठेवताना बायको म्हणाली. “दार काय चावतंय का?”

“नियम आहे.”

“नियम तुम्हीच केलाय. आकाशातून नाही पडला.”

“मी आणतोय हे दादाला कळलं, तर तो डबा परत पाठवेल. उपाशी बसेल. चालेल तुला?”

“तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. भिंत निदान उलट मुद्दा काढत नाही.”

दादाची खोली वरच्या मजल्यावर होती आणि जिना लाकडी. सुताराचा एक पाय लहानपणापासून अधू. झाडावरून पडला तेव्हा दादाने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. वाटभर “रडू नकोस, आलंच बघ” म्हणत तो स्वतःच रडत होता. पाय वाचला, पण फरफट राहिली. तिचा आवाज होऊ नये म्हणून सुतार कठडा धरून, जपून जपून जिना चढे.

दार नेहमी किलकिले असे, चार बोटांचीही फट नसेल. आत पाहणे नियमात बसत नव्हते, म्हणून तो मान वळवून उभा राही. डबा ठेवी, रिकामा, धुतलेला डबा उचली, आणि आजारी माणसाला गार वारा लागू नये म्हणून दार हलकेच ओढून घेई. मग जिन्याच्या वळणावर थांबून डोळे मिटी. “प्रभू, दादाला एकदा मला हाक मारू दे. एकदाच. पुढचं मी बघून घेईन.” त्या प्रार्थनेत कसलेही सोंग नव्हते. डबे पोचवता पोचवता त्याला आतून कळून चुकले होते, की दादाने पुन्हा भाऊ म्हटल्यावाचून आपले जिंकणे हे हरणेच आहे. पण पहिली हाक तिकडून यावी असे त्याला वाटे. कारण ‘जा’ तिकडून आले होते.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा किलकिले. तिसऱ्या दिवशीही तेच. सुताराच्या नजरेला हे खुपू लागले. ओढून घेतलेले दार उघडे राहते, म्हणजे खटका पट्टीत बसत नाही. जुन्या इमारतीत चौकटी हलतातच. एके दुपारी तो डब्याबरोबर पेचकस आणि तेलाची कुपी घेऊन आला. बिजागऱ्यांना तेल दिले, पट्टीचे स्क्रू सैल केले आणि ती केसभर वर सरकवली.

काम चालू असताना आत काहीतरी ठोकल्याचा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला, अधिक घाईने. खटपटीने दादा त्रासला असावा, असे वाटून सुताराने भराभर हात चालवला, स्क्रू आवळले आणि दार ओढले. खट्. असे नेमके बसले, की त्याला कारागिराचे जुने समाधान लाभले. नाव न सांगता केलेली याहून सुंदर सेवा कोणती असेल? ठोकण्याचा आवाज थांबला होता. तो हलक्या मनाने जिना उतरला.

त्यानंतर दार कधी किलकिले दिसले नाही. हिवाळा सरण्याआधी दादा गेला.

शवपेटी सुतारानेच केली. मंडळीतल्या सगळ्यांची तोच करी आणि त्याबद्दल काही घेत नसे. पाळकांनी कबरीपाशी त्याच्या सेवेचा चार शब्दांत गौरव केला. त्याने मान खाली घातली. माती लोटल्यावर तो बायकोसह दादाची खोली आवरायला गेला. शेजारीण किल्ली घेऊन उभी होती. ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करी, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ येऊन दादाचे सगळे तीच पाहत आली होती.

आत जाताच सुतार थबकला. खुर्ची खिडकीकडे नव्हती, टेबलाकडेही नव्हती. दाराकडे तोंड करून, अगदी हाताच्या अंतरावर ठेवलेली होती. तिच्या उजव्या हातावरचे पॉलिश एका जागी झिजून पांढरे लाकूड दिसत होते.

“ही इथे कशाला?” त्याने विचारले.

“त्यांनाच हवी होती. दुपारच्या सुट्टीत मी जेवण भरवायला यायची, तोवर तिथेच बसायचे. कामावर जाताना दार थोडं उघडं टाकून जा, अशी खूण करायचे.”

“खूण? बोलायचा ना तो?”

शेजारणीने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या बायकोकडे पाहिले. “काका, त्यांची वाचा तर झटका आला त्याच दिवशी गेली होती. तुम्हाला ठाऊक नाही?”

कुणी सांगितले नव्हते. त्याने कुणाला विचारलेही नव्हते.

“जिन्यावर पाय फरफटल्याचा आवाज आला, की तेवढा एक चांगला हात इथं आपटायचे,” झिजलेल्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी मी पाहिलंय ना. जीव तोडून आपटायचे, पण त्या हातात जोर कुठला, बाहेर फारसा आवाज जायचा नाही. मी म्हटलं, जाऊन बोलावू का? तर मान हलवली. त्याला आपणहून येऊ दे, अशी. मग एक दिवस दुपारी भरवायला आले तर दार घट्ट लागलेलं, आणि यांचे डोळे सुजलेले. दुसऱ्या दिवसापासून म्हणाले... म्हणजे खूण केली, की आता उघडं ठेवू नकोस.”

बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. आज तिने टोमणा मारला असता, तर सुताराला आधार वाटला असता. तो दारापाशी गेला. पट्टीच्या स्क्रूंवर त्याच्या पेचकसाचे ओरखडे अजून ताजे दिसत होते. त्याने आयुष्यभर मुद्दे शोधले होते. आताही एक सापडला, आणि तो त्याने धरून ठेवला.

“खटका बसत नव्हता,” तो म्हणाला. “वारा यायचा आत. आजारी माणूस... दार बिघडलं होतं, म्हणून मी नीट केलं.”

शेजारणीने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“दार बिघडलं नव्हतं, काका.”