चार बोटं लांब पँट

मी एक जुनी पँट आहे, मित्रांनो. गुडघ्यांवर पिवळी ठिगळं, कमरेला सैल पडलेलं इलॅस्टिक आणि स्वभाव भित्रा. शूर असते तर माझी गोष्ट मी हसत हसत सांगितली असती. पण माझं आयुष्य एका धीट मुलीच्या पायांवर गेलं. अशा मुलीच्या अंगावर राहणाऱ्याचा जीव कायम टांगणीला असतो.

घरात तिला सगळे खारूताई म्हणत, कारण ती जमिनीवर क्वचितच सापडे. ओट्यावर, खिडकीत, कपाटाच्या फळीवर, कुठेही. तिचे बाबा रंगारी होते. आई दिवसभर दारोदार पार्सलं पोचवायची. आणि तिची आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, सोफ्याची कव्हरं शिवायची. त्या आत्याच्या मशीनवर माझा जन्म झाला. एका मोठ्या सोफ्याचं मातकट रंगाचं जाड कापड उरलं होतं, त्याची मी.

"बघ, माती लागली तरी दिसणार नाही," आत्या खारूताईच्या आईला म्हणाली. "आणि फाटायचं तर नावच नको. लठ्ठ लठ्ठ माणसं बसतात या कापडावर!"

"कापड छान आहे ताई. पण लांब झालीय हो," आई म्हणाली.

"अगं, वाढतं अंग आहे पोरीचं! चार बोटं दुमडून आतून टाके घातलेत. वाढली की उसवायचं आणि सोडायचं. शाळेत जाईपर्यंत नवीन पँट बघायला नको."

आईनं हसून मला हातात घेतलं. नणंद मोठी, तिनं मायेनं शिवलेलं, त्यात खोट काय काढायची? मी मात्र त्याच क्षणी घाबरले. माझ्या पायांच्या टोकांशी ती जाड घडी होती आणि तिला धरायला एकच बारीक दोरा होता.

पहिली फजिती झाली ती कमरेपाशी. आत्यानं मोठ्यांच्या पँटला लावतात तसा घट्ट हूक लावला होता. एक दिवस खारूताई अंगणातून धावत आली, बाथरूमच्या दारात उभी राहिली आणि हुकाशी झटापट करू लागली. जीभ बाहेर, चेहरा लाल. हूक काही सुटेना. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. तुम्हीही कधीतरी लहान होतातच.

"मी मुद्दाम नाही केलं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"तुझी चूक नाही गं. या हुकाची चूक आहे," आई म्हणाली. मला धुऊन वाळवलं आणि तिनं हूक काढून रुंद इलॅस्टिक घातलं. मग खारूताई मला स्वतःच्या हातांनी चढवू लागली, उतरवू लागली. किती ऐट आली होती तिला! मलाही जरा हायसं वाटलं. आता घडीचंही काहीतरी होईल, अशी आशा वाटू लागली.

पण घडी तशीच राहिली. उलट खारूताईला ती फार आवडली. घडीच्या वरच्या कडेला बोट जाईल एवढी फट होती. त्या फटीतून ती बिया, गुळगुळीत खडे, बाटलीची झाकणं असा सगळा खजिना आत सोडून द्यायची. चालताना मी खुळखुळायचे.

"आज काय काय आणलंस दुकानात?" बाबा विचारायचे.

"विकायचं नाहीये!" ती ओरडायची आणि पळायची.

बाबा पोट धरून हसायचे. पण मित्रांनो, मी हसू शकत नव्हते. प्रत्येक खड्यासरशी दोऱ्यावर ओझं वाढत होतं. उजव्या पायाचे मागचे टाके एकेक करून सुटत होते. जिना चढताना सुटलेलं टोक तिच्या टाचेखाली यायचं आणि माझ्या उभ्याआडव्या धाग्यांना घाम फुटायचा. ती अडखळायची, कठडा धरायची, पुन्हा पळायची. तिला वाटायचं, पायरीच वाकडी आहे.

एकदा आईच्या लक्षात आलं. "अगं बाई, उसवलीय की ही! संध्याकाळी टाके घालते हं." त्या संध्याकाळी ती पार्सलं वाटून आली आणि बूट न काढताच भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खारूताईच्या अंगावर होते. मी आईला दोष देत नाही. दिवसभर लोकांचे जिने चढणाऱ्या बाईला सुईत दोरा ओवायचं त्राण कुठून यायचं?

आणि मग तो शिडीचा दिवस आला.

बाबांनी रंगाची लोखंडी शिडी धुतली होती आणि वाळायला मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. शिडीच्या पायाशी रंगाचे रिकामे डबे पालथे घातले होते. बाबा आत ब्रश धूत होते, आई दोरीवर कपडे घालत होती. खारूताई मान वर करून छपराच्या पन्हळीकडे बघत होती. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या त्या पन्हळीतून काहीतरी हिरवं डोकावत होतं.

"झाड वर कसं चढलं?" तिनं स्वतःलाच विचारलं. आणि चढू लागली.

मी काय सांगू माझी अवस्था! पहिल्या काही पायऱ्या नीट गेल्या. मग उजव्या पायाची उरलीसुरली घडी शिडीच्या कडेला घासली आणि दोरा तुटला. चार बोटं कापड सळकन खाली आलं. तिच्या बोटांवर आणि पायरीवर, आणि त्यावरच तिचा डावा पाय पडला. पुढची पायरी चढायला तिनं उजवा पाय उचलला, तर तो उचलेना. डाव्या पायानं माझं ते टोक शिडीवर दाबून धरलं होतं.

तिनं जोर लावला. मी ताणले गेले. माझं कापड फाटणारं असतं तर तेव्हाच फाटून मोकळं झालं असतं. पण लठ्ठ माणसांचं वजन पेलणारं कापड ते! ती मागे झुकली. हात घट्ट होते, पण किती वेळ? शिवाय माझा रंग अगदी त्या भिंतीसारखा मातकट. आईची पाठ आमच्याकडे होती, आणि तिनं वळून पाहिलं असतं तरी आम्ही चटकन दिसलो नसतो. मला ओरडायचं होतं. पँटला तोंड नसतं, मित्रांनो.

पण उघडलेल्या घडीतून खजिना निसटू लागला. एक खडा खालच्या डब्यावर पडला. टण! मग झाकण. टण! मग खड्यांची आणि बियांची सरच लागली.

आई वळली. डब्यांकडे पाहिलं, मग वर. तिच्या हातातला ओला टॉवेल मातीत पडला.

मला वाटलं, आता ती किंचाळणार. पण ती किंचाळली नाही. अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "खारूताई, शिडीला छान मिठी मार बघू. तशीच राहा. मी येतेय."

"माझा पाय अडकलाय."

"दिसतंय मला. ओढू नकोस हं."

ती चढली. तिच्या हातांनी दोन्हीकडून शिडी धरली आणि खारूताई त्यांच्यामध्ये बंद झाली. आईच्या छातीची धडधड मला कापडातून ऐकू येत होती. "आता डावा पाय एवढासा उचल... शाब्बास." तिनं मला टाचेखालून ओढून काढलं आणि गुडघ्यापर्यंत दुमडलं. तेव्हा कुठे आम्ही तिघींनी श्वास सोडला.

"चला आता खाली."

"आई, थोडंच राहिलंय. झाड बघू दे ना."

आईनं वर पन्हळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याबरोबर. एकेक पाय." आणि खारूताईला कुशीत धरून ती वर गेली. पन्हळीत मातीचा छोटा ढीग साचला होता आणि त्यात बोटभर रोप होतं, दोन पानांचं.

"ते चढलं नाही गं. बी उडत आलं असेल," आई म्हणाली.

"तरी धीट आहे," खारूताई म्हणाली.

खाली उतरल्यावर मात्र आई मातीतच बसली आणि लेकीला पोटाशी धरून हमसून हमसून रडली. बाबा धावत आले, सगळं ऐकलं, आणि यापुढे शिडी आडवी करूनच ठेवायचं कबूल केलं. आईनं डोळे पुसले, कात्री आणली आणि लेकीच्या घोट्याशी माप धरून माझं लांबलेलं कापड कापून टाकलं. दोन्ही पायांचं.

संध्याकाळी आत्या आली. "कापलीस? अगं, वाढत्या अंगाची होती ना!"

"ताई, ती आज चढते," आई म्हणाली. एवढंच.

आत्यानं सगळं ऐकलं आणि खूप वेळ माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग मला आपल्या घरी घेऊन गेली. परत आले तेव्हा माझ्या कडा पक्क्या शिवलेल्या होत्या, बाजूला वरून बंद होणारा खिसा होता आणि गुडघ्यांवर पिवळी धमक ठिगळं होती. "खजिना खिशात ठेवायचा हं," आत्या खारूताईला म्हणाली. आणि आईला हळूच, "आता लांबूनही दिसेल."

त्यानंतर खारूताई कितीदा चढली, कितीदा पडली, मोजदाद नाही. ते पिवळे गुडघे दिसले की आई निम्मी निश्चिंत व्हायची. मी कधीच नाही झाले. पण मी पुन्हा तिच्या पायात आले नाही, एवढं समाधान मला आहे.

आता ती मोठी झाली आणि मी तिला आखूड झाले. तिचा धाकटा भाऊ आता चालू लागलाय. काल आईनं मला त्याच्या पायांशी धरून पाहिलं. मी लांब होते.

"चार बोटं दुमड की," बाबा म्हणाले.

मी पुन्हा घाबरले. पण आईनं मान हलवली, माझी घडी केली आणि मला फळीवर ठेवलं. "त्याला बसेल तेव्हा घालेल."

म्हणून मी इथे वाट बघत बसलेय, मित्रांनो. तुम्ही चढा, पळा, वाकून बघा. पण निघण्याआधी एकदा खाली आपल्या पायांकडे पाहा. पँट टाचेखाली येत असेल तर तिथेच थांबा आणि घरातल्या मोठ्यांना हाक मारा. ती पँट केव्हाची हाक मारत असेल, पण तिचा आवाज कुणाला ऐकू जात नाही.