देवाचा खिळा

मित्रांनो, मी गोव्यातल्या एका इस्पितळातले एमआरआय यंत्र आहे, आता बरेच जुने झालेले. माझ्या अंगात भला मोठा चुंबक आहे. इस्पितळातले थंड हवेचे यंत्र बिघडले की सगळ्यांना माझ्या गारेगार खोलीची आठवण होते, एरवी कोणी विचारत नाही. असो. माझा हट्ट एकच: शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांच्या हाती खरे चित्र द्यायचे.

गेल्या वर्षी डिचोलीचे दत्ताराम आले. ते खनिजाचा ट्रक चालवत. त्यांच्या गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, कर्करोग निघाला होता. तो शस्त्रक्रियेत जिथून कापायचे त्या कडेपासून दूर असेल तर थेट शस्त्रक्रिया करता येणार होती. कडेला टेकला असेल तर आधी किरणोपचार आणि औषधे. मी चुकले असते तर रोग पोटातच राहिला असता.

मला चालवणाऱ्या मनीषाबाईंनी विचारले, "आंगार लोखंड काय नाय न्हय?"

"नाय," दत्ताराम म्हणाले.

मी धडधड सुरू केली आणि चित्रात हव्या त्याच जागी काळा डाग उमटला. बाईंनी त्यांना लगेच बाहेर काढले. कमरेचा काळा दोरा मागे खाली घसरला होता. त्यातल्या कापडी पुडीत लहानसा खिळा होता.

"ह्यां लोखंडच न्हय?"

दत्ताराम खरेच चकित झाले. "तां लोखंड न्हय गे बाय, तां देवाचा! राखणदाराक गाऱ्हाणा घालून बांधला हा. सोडूचा नाय." राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. ते कपडे घालायला निघाले. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात त्यांची बायको मालती दारातून म्हणाली, "माज्याकडे देवा. तुमी भायर येयसर मी मूठ उघडूचंय नाय."

दत्ताराम मागे वळले. मग त्यांनी दोरा सोडून तिच्या हातावर ठेवला.

या वेळी चित्र स्वच्छ आले. रोग कडेला टेकला होता. आधी किरणोपचार झाले, औषधे झाली. काही महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा रोग आकसून कडेपासून मागे सरला होता, आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला.

त्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मनीषाबाईंनी विचारण्याआधीच त्यांनी पुडी मालतीच्या हातावर ठेवली होती. "लोखंड आसा," ते म्हणाले, "आणि देवाचाय आसा."

मित्रांनो, माझ्या दाराशी काही लपवू नका. देवाला घरी ठेवून या, असे मी म्हणत नाही. फक्त आत येण्याआधी त्याला आपल्या माणसाच्या मुठीत द्या.