वेलीत अडकलेला स्वल्पविराम

मित्रांनो, मी छापखान्यातला शिशाचा एक जुना खिळा, म्हणजे छपाईचा ठसा आहे. नाव म्हणाल तर स्वल्पविराम. मुंबईच्या कारखान्यात मला ओतलं आणि १९२६ साली पुडक्यात बांधून गोंदियाच्या एका छोट्या छापखान्यात पाठवलं. येताना किती मनोरथ रचले होते! शब्दांची गर्दी आवरायची, वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा, हे माझं काम.

पण नशीब पाहा. इथं खिळे जुळवायचे बकारामजी. हात सफाईचा, पण आमच्याबद्दल काडीची आस्था नाही. छोटेलाल शेठ बिडीचं लेबल छापायला आले आणि म्हणाले, "चारों तरफ बेल-बूटा चाहिए."

वेलबुट्टीचे खिळे तर नव्हते. मग बकारामजींनी आम्हा सगळ्या स्वल्पविरामांना उचललं, एक उलटा, एक सुलटा असं लेबलाभोवती उभं केलं आणि दोऱ्यानं आवळलं. झाली वेल! लोक नक्षीचं कौतुक करायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. बिडी ओढणाऱ्याला माझा काय उपयोग?

सहा वर्षं अशी गेली. एके दिवशी जवळच्या फुलचूर गावातल्या मुलींच्या वर्गाच्या शिक्षिका प्रेमिलाबाई तणतणत आल्या. धानाच्या शेतीचा एक धडा त्यांनी इथंच छापून घेतला होता. आम्ही वेलीत अडकलेलो, म्हणून त्या पानात एकही स्वल्पविराम नव्हता. सोमवारी साहेब तपासणीला येणार होते. मुलींना नीट वाचता आलं नाही, तर वर्ग बंद होणार होता.

"पोरी धावतच सुटतेत जी. दम संपला का शब्दाच्या मधातच थांबतेत," बाई म्हणाल्या.

"वाचनारा आपोआप थांबते बाई. त्याले सांगा कायले लागते?"

"मंग तुमीच वाचून दाखवा."

बकारामजींनी तोऱ्यात सुरुवात केली. चौथ्या ओळीला आवाज चिरकला, पाचव्या ओळीला ठसका लागला. बाई हसल्या नाहीत.

"तुमचं असं होते, तं माझ्या नवशिक्या पोरीचं काय होईन?"

बकारामजींनी धडा खाली ठेवला. मग त्यांनी वेलीचा दोरा सोडला. "शेठले मी सांगीन," एवढंच म्हणाले आणि आम्हाला धड्यात बसवून पान पुन्हा छापलं.

मंगळवारी बाई पेढे घेऊन आल्या. शामकला नावाच्या मुलीनं साहेबांपुढं धडा वाचला होता. नांगरणी, चिखलणी, रोवणा, सगळीकडे ती थांबली, श्वास घेतला आणि समजून पुढं गेली. वर्ग वाचला. मित्रांनो, रोवण्यापाशी, म्हणजे धानाच्या लावणीपाशी, मी होतो!

पण दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा वेलीत. पुढं पंधरा वर्षं बिडीचं लेबल! माझं शेपूट झिजून गेलं.

१९४७ साली एक नव्या शिक्षिका हातात धडा घेऊन छापखान्यात आल्या. तीच शामकला. त्या काही बोलायच्या आतच म्हाताऱ्या बकारामजींचा हात दोऱ्याकडे गेला होता. "बसा बाई. वेलच मोडून राहिलो."

मला किती आनंद झाला! बकारामजींनी मला उचललं, उजेडात धरलं आणि मोडक्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. शेपूट नसलेला स्वल्पविराम कोण वापरणार?

मित्रांनो, मला नक्षीसारखं कुठंही पेरू नका आणि विसरूही नका. लिहिलेलं एकदा मोठ्यानं वाचा, थांबावंसं वाटेल तिथं मला जागा द्या. उद्या मला वितळवतील, त्याचं दुःख नाही. राग एवढाच आहे की एकवीस वर्षं मी रोज छापला गेलो आणि कामाला आलो फक्त एकदा.